बुवांकडे पाठ

“मामंजींच्या डाव्या कानाशी बोला. उजवा पार गेलाय,” मी तिकीट देणाऱ्या मुलीला सांगितलं.

ती बिचारी खुर्चीवरून अर्धी उठली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मामंजींच्या कानाशी ओरडली, “आजोबा, गिरणीत काम केलेल्यांना तिकीट नाही!”

मामंजींनी शांतपणे मान डोलावली. म्हणाले, “भाद्रपदात.”

ह्यांनी कपाळाला हात लावला. “बघितलंस? सांगावं एक आणि उत्तर भलतंच. इंदू, हे नुसतं कानाचं नाहीये. अण्णांचं डोकंच आता ठिकाणावर राहिलेलं नाही.”

“हळू बोला. वडील आहेत तुमचे.”

“ऐकू कुठं येतंय त्यांना?”

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तेव्हा भाकरीच्या डब्याखाली काहीतरी खणखणलं. ह्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

“टाळ? अगं, संग्रहालयाला देणगी द्यायला आणलेस का?”

आमची रेणू खिदळली. मी टाळांवर नॅपकिन ओढला.

श्रावणातला शेवटचा रविवार होता तो. सोलापुरातली आमची नारायणी मिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिच्या थोड्या इमारती उरल्या होत्या, त्यांना रंग लावून तिथं गिरणीचं संग्रहालय उघडलं होतं. रेणू तेव्हा आठवीत. वर्गातल्या सगळ्या मुली बघून आल्या होत्या आणि हिच्या तर आजोबांची गिरणी! तिनं घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, जाऊया सगळेच. डबा नेऊ, दिवस घालवू.

माझ्या मनात मात्र संध्याकाळ होती. आमच्या चाळीतल्या मारुतीच्या देवळात सप्ता बसला होता आणि त्या संध्याकाळी गहिनीनाथबुवांचं कीर्तन होतं. मामंजींना मला त्या कीर्तनाला न्यायचं होतं. बस, एवढंच. टाळ त्यासाठीच घेतले होते. संग्रहालयातून परस्पर देवळात जायचं. घरी गेलो असतो तर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले असते आणि दरवर्षीसारखं म्हणाले असते, “तुम्ही या जाऊन. माझ्या वाट्याचं झालं.”

कीर्तनाचं वेड मला माहेरचं. मोहोळला आमचे वडील जेवण चुकवतील पण कीर्तन चुकवायचे नाहीत, आणि मी त्यांच्या मांडीवर बसून ऐकत मोठी झाले. लग्न होऊन गिरणीच्या चाळीत आले तेव्हा वाटलं, संपलं सगळं. दिवसभर गिरणीची धडधड, भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर झोपायचं. पण पहिल्याच श्रावणात मामंजी पाळीवरून आले, भुवयांतला कापूस धुतला आणि सासूबाईंना म्हणाले, “पोरीला सप्त्याला घेऊन चल. किती दिवस अशी उंबऱ्यात बसून राहील?” देवळात जाऊन बघते तर काय, बुवांच्या मागे टाळकऱ्यांच्या रांगेत आमचे मामंजी! साधं धोतर, कपाळाला बुक्का, आणि टाळ असा की बुवांनी गाता गाता वळून हसावं. मला माहेर परत मिळालं ते त्या टाळांमुळं.

आणि त्याच माणसानं एका वर्षी टाळ फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यामागे ठेवून दिले. गिरणीनं कान खाल्ले होते. कानात घालायचं यंत्र आणलं, तेही त्यांनी काढून ठेवलं. म्हणाले, “ह्यातून नुसती गिरणीच ऐकू येतीय.” सासूबाई गेल्यावर तर बोलणंच आटलं.

संग्रहालय छान होतं, खोटं कशाला बोलू? दारातच जुना भोंगा ठेवला होता. बटण दाबलं की वाजायचा. रेणूनं तो इतका वाजवला की रखवालदार म्हणाला, “ताई, आता बास. कुणीतरी कामावर यायचं.” पुढं बॉयलर, पितळी बिल्ले, कापसाचे गठ्ठे. प्रत्येक ठिकाणी ह्यांनी मामंजींच्या डाव्या कानाशी तोंड न्यायचं, रेणूनं त्या पार गेलेल्या उजव्या कानाशी, आणि दोघांनी ओरडायचं.

“अण्णा, हा बॉयलर!”

“आजोबा, तुम्ही इथं यायचात का?”

मामंजी मधे उभे. कान कोरून घेणाऱ्या माणसासारखे डोळे मिटलेले. मी आपली मागं दोन पावलं, डोक्यावरून पदर, मान खाली. सासऱ्यांशी मी कायम तशीच बोलायचे. आमच्याकडची रीतच ती. पदराची कड तोंडावर धरायची, त्यांच्या पायांकडं बघायचं आणि काय ते थोडक्यात सांगायचं.

दुपारी कडुलिंबाखाली सतरंजी टाकली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. मामंजी नीट जेवले. मला जरा धीर आला. पदराआडून म्हटलं, “मामंजी, आज बुवा आलेत गहिनीनाथ. येताय ना कीर्तनाला?”

त्यांनी हात पुढं करून दही वाढून घेतलं.

“दही नव्हतं विचारलं,” हे म्हणाले. “सोड ना, इंदू. का त्यांच्या मागं लागलीस? तिथं नेऊन बसवशील, सगळं जग नाचेल आणि हे खांबासारखे बसतील. त्यांना त्रास आणि बघणाऱ्यालाही.”

“एकदा येऊ देत. नाही जमलं तर मीच घेऊन येईन परत.”

“तू? कीर्तन सोडून?” ते हसले. “तुला तर भूकंप झाला तरी बुक्का लावून घेतल्याशिवाय उठायचं नसतं.”

तेवढ्यात आतून घंटा झाली. माग चालू करून दाखवायची वेळ झाली होती.

कापड विणायच्या खात्याला गिरणीत साळखाता म्हणायचे. केवढी ती लांबलचक शेड! सगळी रिकामी, आणि एका कोपऱ्यात चारच माग ठेवलेले. त्यांच्याजवळ खाकी शर्टातला एक म्हातारा माणूस तेलाची बुधली घेऊन उभा होता. लोकांना दोरीच्या अलीकडे उभं केलं होतं. माहिती सांगणारी मुलगी माइकवरून म्हणाली, “कान झाकून घ्या हं.” म्हाताऱ्यानं खटका दाबला.

देवा पांडुरंगा! ते चारच माग, पण पत्रा थरथरायला लागला. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, खाडखाड खाडखाड. लोकांनी कानांत बोटं घातली. रेणूचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण शब्द एक येईल तर शपथ. माहिती सांगणाऱ्या मुलीचा माइकसुद्धा मुका झाला.

मी मामंजींकडं पाहिलं. त्यांनी कान झाकले नव्हते. पाठ सरळ झाली होती. ते समोर, मागांच्या पलीकडं, त्या खाकी शर्टवाल्याकडं बघत होते. तोही मामंजींकडंच बघत होता. मग त्याचे ओठ हलले.

आणि मामंजी हसले. खांदे हलवून, पोट धरून. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग मामंजींचे ओठ हलायला लागले. सावकाश, मोठे मोठे, एकेक अक्षर घडवल्यासारखे. मधेच एक भुवई वर, मधेच हाताचं बोट. तो म्हातारा तिकडून उत्तर देतोय, तेल सांडतंय त्याचं भान नाही. भर त्या गदारोळात दोघं चावडीवर बसल्यासारखे गप्पा मारत होते आणि आम्ही सगळे बघ्यासारखे उभे होतो.

मला राहवेना. पदर कधी घसरला कळलं नाही. मी मामंजींच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि विचारलं, “कोण आहेत ते?” माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

मामंजींनी मात्र लगेच उत्तर दिलं.

मला काही कळलं नाही. “काय?” मी विचारलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा कळलं नाही. “काय म्हणताय?” मी ओरडले.

शेवटी त्यांनी वैतागून माझ्या कानाशी तोंड आणलं आणि घसा फोडून विचारलं, “बहिरी झालीस का गं?”

मी जी हसत सुटले ती माग थांबेपर्यंत. आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं. मी दोनदा विचारलं होतं आणि त्यांनी दोनदा उत्तर दिलं होतं. मी त्यांच्या कानाशी न ओरडता.

माग थांबल्यावर तो खाकी शर्टवाला दोरी ओलांडून आला. नरसय्या त्याचं नाव. आमच्या मामंजींच्या शेजारचे माग तो चालवायचा. त्याचेही कान गेलेले, त्यामुळं बोलणं असं की निम्मी शेड ऐकेल. मामंजी आता फारसे बोलत नाहीत, असं मी म्हटलं मात्र, त्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

“काय सूनबाई! हा म्हेत्रे आजकाल बोलत नाही म्हणता? हा? अहो, अख्ख्या साळखात्यात ह्याच्यासारखा बोलका माणूस नव्हता! मुकादमाची नक्कल करायचा. आवाज नाही, काही नाही, नुसत्या तोंडानं. हसून हसून आमचं सूत तुटायचं आणि दंड आम्हाला!”

“म्हणजे सगळेच असं बोलायचे?” रेणूनं विचारलं.

नरसय्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. “मग? एवढ्या मागांत आवाजानं बोलायला कोण खुळा आहे, पोरी? तोंड बघायचं आणि समजायचं. मराठी असो, तेलुगू असो.”

हे पुढं झाले आणि सवयीनं मामंजींच्या कानाशी वाकले. मी त्यांचा शर्ट धरून मागं ओढलं.

“कानाशी नको. पुढं या. समोर.”

“काय?”

“त्यांना तुमचं तोंड दिसू दे!”

हे समोर आले. कसंनुसं झालं त्यांना. चाळिशी उलटलेला माणूस, बापाच्या डोळ्यांत बघून बोलायची सवयच नव्हती. हळूच म्हणाले, “अण्णा, मगाशी दारात तुम्ही भाद्रपद का म्हणालात?”

“ती पोरगी माझ्या कानाशी,” मामंजी म्हणाले, “तिचं तोंड दिसेना. मला वाटलं, विचारतीय, गिरणी कधी बंद झाली. भाद्रपदातच झाली की. गौरी बसल्या होत्या.”

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मामंजींच्या डोक्याबद्दल जे काय म्हणाले होते, ते परत कधी ह्यांच्या तोंडून निघालं नाही.

मी मामंजींना विचारलं, “मग घरी कधी का नाही हो सांगितलंत, समोर येऊन बोला म्हणून?”

त्यांनी मागांकडं बोट केलं.

“तुझी सासू बोलू द्यायची नाही असं. नवीन लग्न झालं तेव्हा मी घरी तसाच बोलायचो, गिरणीतल्यासारखा. ती म्हणाली, घरात मुक्यानं बोलायचं नाही, लक्ष्मीला ऐकू यायला पाहिजे. तेव्हापासून ती बोली गिरणीच्या दाराशी ठेवून यायची सवय लागली. तीच गेली, पण सवय काही जाईना.” मग त्यांनी रेणूच्या डोक्यावर टपली मारली. “आणि तुम्ही सगळे प्रेमानं कानाशी येताय. प्रेमानं येणाऱ्याला मागं हो कसं म्हणू? आणि तुझं तर काय बोलायचं, इंदू? इतकी वर्षं झाली, तुझं तोंड मी आज पहिल्यांदा नीट बघितलं.”

मी पदराला हात घातला, आणि मग सोडून दिला. त्यांच्यासमोर उभी राहिले. आवाज न करता, फक्त ओठांनी विचारलं, “संध्याकाळी कीर्तनाला येणार?”

मामंजींचा चेहरा बदलला.

“बुवाला मिशा आहेत,” ते म्हणाले.

पण आले. नरसय्याचा निरोप घेताना त्या दोघांचं बिनआवाजाचं काय काय चाललं होतं देव जाणे, पण रिक्षात बसल्यावर मामंजी म्हणाले, “चला. बघू या मिशीतून काय झिरपतंय ते.”

देऊळ भरलं होतं. मांडवाच्या उजवीकडे पुरुष, डावीकडे आम्ही बायका, मधे चालायला पट्टा. मामंजींना अगदी पुढं, बुवांसमोर बसवलं. जुन्या टाळकऱ्यांनी येऊन पायांना हात लावले. हार घालून, बुक्का लावून बुवा उभे राहिले, टाळांचा गजर झाला आणि माझे डोळे भरून आले. म्हटलं, पांडुरंगा, झालं की रे!

झालं नव्हतं. बुवांच्या मिशा म्हणजे खरोखरच छप्पर. त्यातून समोर माइक, त्याला काळं स्पंजाचं बोंडूक. आणि कीर्तनकार काय एका जागी उभा राहतो? चरण घेतला की टाळकऱ्यांकडं वळायचा, दृष्टांत आला की बायकांकडं. मामंजी आधी मान लांब करून बघत होते. मग डोळे बारीक केले. मग मान खाली गेली. काठीसाठी त्यांचा हात सतरंजीवर चाचपायला लागला तेव्हा मी ओळखलं, उठणार आता.

माझ्या वडिलांनी मला एक गोष्ट शिकवली होती. कीर्तनातून उठावं लागलंच तर मागच्या पावलांनी जायचं. बुवांकडं पाठ करायची नाही, कारण त्या वेळी तिथं माणूस उभा नसतो.

मी पिशवी घेऊन उठले. बायकांतून निघाले, मधला पट्टा ओलांडला आणि मामंजींच्या पुढ्यात जाऊन बसले. तोंड त्यांच्याकडं. पाठ बुवांकडं. पदर कानामागं खोचला.

मागं कुजबूज झाली. “अंबादासची बायको ना ती? सासऱ्याच्या तोंडासमोर बसलीय बघा! अंगात-बिंगात आलं का काय?”

बुवा बोलायचे, मी ते ओठांवर घ्यायचे आणि पुढं द्यायचे. “एक गरीब गुराखी होता,” मी आवाजाविना सांगत होते. “सगळ्यांनी रानात शिदोऱ्या सोडल्या. ह्याच्याकडं नुसतं आंबलेलं ताक. लाजेनं मागं लपवून बसला…” मामंजींचा हात काठीवरून निघाला.

मागं एकदम सगळं थांबलं. मृदंगही.

“माउली,” बुवांचा आवाज माइकवरून आला, “आमचं काही चुकलं का? पाठ का केलीत?”

माझे ओठ अर्ध्यावरच थांबले. वळून काय सांगू? पण माझ्या तोंडावरूनच मामंजींनी ओळखलं, काहीतरी झालंय. त्यांनी बुवांकडं पाहिलं, हात जोडले आणि साळखात्यात चालेल अशा आवाजात म्हणाले,

“बुवा, राग मानू नका! तुमच्या मिशा फार आड येतात! मला कान नाहीत. ही तोंडानं सांगतीय तेवढं कळतंय. तुमचं चालू द्या. आमचा गुराखी ताक लपवून बसलाय!”

सगळा मांडव हसला. बुवांनी मिशीवरून हात फिरवला, तेही हसले, आणि मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते पुढं आले आणि माझ्या पाठीला नमस्कार केला. मला दिसला नाही, नंतर बायकांनी सांगितलं. मला एवढंच कळलं की बुवांचं बोलणं संथ झालं. एक वाक्य व्हायचं, ते थांबायचे. माझे ओठ आटोपले की पुढचं.

“देवानं सगळी पक्वान्नं बाजूला सारली,” बुवा म्हणाले.

सगळी पक्वान्नं बाजूला सारली, मी सांगितलं.

“आणि म्हणाला, लपवलंयस ते आण इकडं.”

लपवलंयस ते आण इकडं.

मामंजींच्या डोळ्यांतून धार लागली. रडत होते आणि हसतही होते. गाणं आलं तिथं मात्र माझी पंचाईत झाली. शब्द ओठांवर घेता येतील, चाल कशी घेणार? मी त्यांच्यासमोर मांडीवर ठेका धरला. त्यांनी तो क्षणभर पाहिला आणि नाक मुरडलं. माझा ठेका चुकत होता! मग त्यांनी माझ्या खांद्यावरून मृदंगवाल्याच्या हातांकडं नजर लावली. मी पिशवीतून टाळ काढून दिले. पहिल्या दोन ठोक्यांना टाळ जरा मागं राहिले. तिसऱ्याला बसले.

इतकी कीर्तनं ऐकली मी आयुष्यात. त्या दिवशीच्या कीर्तनात बुवांचं मला नखही दिसलं नाही. आणि विचाराल तर सगळ्यांत नीट पाहिलेलं कीर्तन तेच. समोर बसलेल्या त्या तोंडावर सगळं दिसत होतं. आधी माझ्या ओठांवरून जायचं आणि मग तिथं उमटायचं.

पुढं मामंजी आणखी सहा श्रावण आमच्यात होते. घरी मी त्यांच्याशी समोर बसून, तोंड वर करून बोलायचे. आवाजही काढायचे. तो त्यांच्यासाठी नव्हता, सासूबाईंच्या लक्ष्मीसाठी होता.

त्या संध्याकाळी कीर्तनानंतर पंगत बसली. महाप्रसादाला हुग्गी होती, आमच्याकडची गव्हाची खीर. मामंजी पलीकडं पुरुषांच्या पंगतीत, मी अलीकडं बायकांत. मधे वाढप्यांचा आरडाओरडा, पोरांचा दंगा. मी मान वर केली तर मामंजी माझ्याकडंच बघत होते. त्यांचे ओठ हलले. सावकाश, मोठे मोठे.

दुपारी साळखात्यात मला त्यांचं एक अक्षर कळलं नव्हतं. आता मी पत्रावळीवरचा हात थांबवला आणि नुसतं बघत राहिले. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि ह्या खेपेला मला लख्ख कळलं.

“हुग्गीत गूळ कमी पडलाय.”

मी पदर बाजूला केला. “गप जेवा,” मी आवाज न करता म्हटलं. “घरी गेल्यावर देते.”